फळांची ताटली घेऊन दार उघडू नका

पत्र आधी थोडक्यात देते:

"ताई, मी मूळची सांगलीची. १६ वर्षं झाली हांगझोऊला राहते, नवरा इथलाच, चिनी. मुलगा १४ वर्षांचा, इथल्याच साध्या शाळेत आठवीत आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत शाळेतून आला की किचनमध्ये माझ्या मागे मागे मराठीत बडबड करत फिरायचा. आता दार लावून बसतो, मी मराठीत विचारलं की चिनीत उत्तर देतो, तेही एका शब्दात. गणितात १२० पैकी ६१ पडले, पेपरवर पालकांची सही लागते, तर याने बाबांची सही स्वतःच मारली. एकदा नाही, तीनदा. आजोबांच्या ओळखपत्रावर गेमचं अकाउंट काढलंय. शाळेत मारामारी झाली. सासूबाई म्हणतात हा कृतघ्न निघणार. नवरा म्हणतो वय आहे, जाईल निघून, पण सहीचं मी त्यांना सांगितलेलंच नाही कारण ते चिडले की फार चिडतात. चुलत दिरांनी शिस्त लावणाऱ्या एका निवासी कॅम्पचा नंबर दिलाय, सहा महिन्यांत पोरगा सरळ होतो म्हणे. गेल्या आठवड्यात मी मुलाचं क्यूक्यू (इथलं चॅटिंगचं अ‍ॅप) उघडून वाचलं. मित्राला लिहिलं होतं, 'आमच्या घरात आईच सगळ्यात एकटी आहे, तिला काही सांगितलं की ती रात्री रडते, म्हणून मी सांगतच नाही.' मला झोप लागली नाही. माझं लग्न माझ्या बाबांना पसंत नव्हतं, दोन वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. आता वाटतं तेच फिरून माझ्या वाट्याला आलंय. मुलगा हातातून चाललाय का?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. नाही. हातातून चाललेला नाहीये.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि दरवेळी त्या क्यूक्यूवरच्या वाक्यापाशीच अडकले. तुम्हाला ते वाचून लागलं, ते समजतं मला, पण जरा लांबून बघा ना, १४ वर्षांच्या मुलाला हे दिसलंय की आपली आई परक्या देशात, परक्या भाषेच्या घरात एकटी पडते. ही समज सगळ्या मुलांना या वयात नसते. १९८६ मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सुझन सिल्व्हरबर्ग या दोघांनी मुलं आईवडलांपासून मनाने कशी मोकळी होतात ते मोजायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी चार गोष्टी धरल्या होत्या. आईबाबा सगळं बरोबरच करतात हा लहानपणचा समज सुटणं, आईबाबांकडे आईबाबापणाच्या पलीकडची माणसं म्हणून बघता येणं, प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्याकडे न धावणं, आणि आपलं असं काहीतरी वेगळं आहे असं वाटणं. पाचवी ते नववीच्या मुलांत यातल्या तीन गोष्टी वयाबरोबर वाढताना दिसल्या, पण आईबाबांना माणूस म्हणून बघणं काही त्या वयात वाढताना दिसलं नाही. तुमच्या मुलात ते आलंय. जरा लवकरच आलंय, आणि ते त्याला एकट्याला पेलत नाहीये, हा खरा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग सह्या का मारतो, मारामारी का करतो. इथे मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात म्हणून आपण पालक फसतो. मोठं होणं म्हणजे मुलगा हळूहळू वेगळा होतो पण मागे वळून बघितलं की माणसं तिथेच आहेत हे त्याला माहीत असतं. आणि तुटणं म्हणजे घरी काही सांगून उपयोगच नाही, उलट त्रासच होतो, असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. दार दोन्हीत बंदच असतं. स्टाइनबर्ग यांच्या त्या मोजणीवर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, रिचर्ड रायन आणि जॉन लिंच यांनी हाच आक्षेप घेतला होता की तुम्ही ज्याला स्वातंत्र्य म्हणताय ते बऱ्याच मुलांच्या बाबतीत आधार सुटणं आहे. ज्या मुलांना घरच्यांचा भरवसा वाटत नाही, त्यांचाच आकडा जास्त येतो. माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे. खोटं, चोरी, शाळा बुडवणं, हे जास्त मोकळीक मिळालेल्या मुलांपेक्षा तुटलेल्या मुलांत मी जास्त बघितलंय.

तुमच्या मुलात दोन्ही आहे. चिनीत उत्तर देणं, दार लावणं, मित्र जवळचे वाटणं हे मोठं होणं आहे, ते होऊ दे. तीन सह्या हे तुटणं आहे. ६१ मार्कांचा पेपर घेऊन तो घरात कुणाकडे जाणार होता सांगा. बाबा फार चिडतात, एवढं की तुम्ही मोठ्या असून तुम्हालाही सांगायची भीती वाटते. आजी कृतघ्न म्हणते. आणि तुम्ही रात्री रडता. तिन्ही दारं बंद, मग राहिला तो पेन आणि बाबांची सही. मी त्याचं समर्थन करत नाहीये हं, सहीचं पुढे बोलणारच आहे, पण आधी ही जागा बघा.

बाकी तो ज्या गावात आणि ज्या वर्गात आहे तेही लक्षात घ्या. तिथल्या शिक्षकांच्या तोंडात 'छू-अर'ची मुलं, म्हणजे आपली आठवीची, हा एक वेगळाच विषय असतो, कारण सातवीत मुलं नवीन असतात आणि नववीत चोंगखाओ, म्हणजे हायस्कूलच्या प्रवेशाची परीक्षा, डोक्यावर असते, मधल्या वर्षात सगळं फुटून बाहेर येतं. आणि चोंगखाओ काही आपल्या दहावीसारखी नाही, ताई. आपल्याकडे दहावीला कमी पडले तर कुठल्या ना कुठल्या कॉलेजात अकरावी होतेच, तिथे त्या एका परीक्षेवर ठरतं की मुलगा साध्या हायस्कूलला जाणार की व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत, आणि दुसऱ्या वाटेला लागलेल्यांची संख्या थोडीथोडकी नसते. त्यापुढे गाओकाओ, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा, तिला २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी फॉर्म भरला होता. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने मुख्य विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या क्लासेसवर बंदी आणली तरी घरातली भीती काही बंदीने जात नाही. १४ वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. ६१ मार्क म्हणजे त्याच्यासाठी नुसते मार्क नाहीयेत.

आता सासूबाईंचं. त्या जे म्हणाल्या ना, 'बाइ-येन-लांग', पांढऱ्या डोळ्यांचा लांडगा, खाऊन पिऊन उलटणारा, ते मुलाला फार लागतं, मला माहीत आहे. पण त्यांचं वय बघा. तुम्ही लिहिलंय की त्या १९५२ च्या आहेत आणि १६ व्या वर्षी त्यांना शहरातून खेड्यात शेतावर पाठवलं होतं. १९६८ च्या डिसेंबरपासून शहरातली लाखो मुलंमुली तशी गेली, शाळा अर्धवट राहिली. १९७७ ला गाओकाओ पुन्हा सुरू झाली तेव्हा ५७ लाख लोक बसले आणि २ लाख ७० हजारांच्या आसपासच आत गेले. सासूबाई त्यात नव्हत्या. मग १९८१ मध्ये मुलगा झाला, एकच, कारण तेव्हा एकच मूल हा नियम होता. त्या मुलाला त्यांनी कसं वाढवलं असेल! म्हणून नातू पेपर लपवतो म्हटल्यावर त्यांना जे वाटतं ते रागापेक्षा मोठं आहे. त्यांचं पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं आणि याच्या हातात असून हा वाचत नाही, असं त्यांना दिसतं.

चिनी भाषेत मुलाचं कौतुक करायचं तर 'तिंगह्वा' म्हणतात, शब्दशः बोललेलं ऐकणारा. आणि आपण काय म्हणतो? "पोरगं ऐकत नाही." अगदी तोच शब्द! सांगलीत काय नि हांगझोऊत काय, कानाने ऐकणं आणि सांगितलेलं करणं याला आपण एकच शब्द ठेवलाय, त्यामुळे मुलगा 'मला हे पटत नाही' म्हणाला की आपल्याला वाटतं तो ऐकतच नाही. तो ऐकतोय हो, फक्त हो म्हणत नाहीये.

तिथलाच दुसरा शब्द 'ग्वान'. मुलाला वळण लावणं, ताब्यात ठेवणं, आणि त्याचं बघणं, जपणं, दोन्ही त्यात येतं. रुथ चाओ या अभ्यासक बाईंनी १९९४ मध्ये हेच मांडलं होतं की चिनी आईवडलांच्या कडकपणाला नुसती हुकूमशाही म्हणू नका, त्यात काळजी मिसळलेली असते आणि मुलांनाही ती जाणवते. मला हे पटतं. म्हणून मी तुम्हाला असं अजिबात सांगणार नाही की सगळं सोडून द्या, मुलाला हवं ते करू दे. २००७ मध्ये बीजिंग आणि शिकागोच्या उपनगरांतल्या सातवीच्या मुलांचा एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की मुलगा कुठे आहे, काय करतोय हे आईवडील विचारतात, नियम ठेवतात, त्याने दोन्हीकडे अभ्यासाला मदतच होते. नुकसान होतं ते मनाला पीळ घातला की. "तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू हे पांग फेडलंस", "तुझ्यामुळे आईला झोप नाही", "दुसऱ्यांची मुलं बघ", हे. ते बीजिंगच्या मुलालाही लागतं आणि शिकागोच्याही, संस्कृती वेगळी म्हणून कमी लागत नाही. तर कुठे जातोस, किती वाजता येतोस, हे बिनधास्त विचारा. रडणं मात्र त्याच्या अंगावर टाकू नका. रडू येणं चूक नाहीये, ताई, पण त्याला जागा दुसरी शोधा, बहीण, मैत्रीण, तिथल्या मराठी बायकांचा ग्रुप, कुणीही, त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे नको.

आता क्यूक्यू. हे तुम्हाला आवडणार नाही पण सांगते, माफी मागा. मी शांघायला चार वर्षं एका शाळेत मुलांशी बोलायचं काम करायचे, तिथे एक मुलगी यायची, तुमच्या मुलाएवढीच. तिची आई रोज रात्री साडेनऊला सफरचंद सोलून, फोडी करून, वर टूथपिक लावून ताटली घेऊन खोलीत जायची. दार न वाजवता. फळ द्यायचं आणि जाता जाता स्क्रीनवर नजर टाकायची. मुलीने डायरीच्या पानात एक केस ठेवायला सुरुवात केली, केस हलला म्हणजे आईने वाचली. केस रोज हललेला असायचा. मग तिने काय केलं माहितीये, दोन डायऱ्या ठेवल्या. एक टेबलावर, आईने वाचावी म्हणून लिहिलेली, त्यात आज गणित छान समजलं, शिक्षक चांगले आहेत असलं सगळं, आणि दुसरी दप्तराच्या अस्तरात शिवलेली. आई मला येऊन सांगायची की मुलगी अगदी आनंदात आहे, मी वाचलंय ना. त्या दुसऱ्या डायरीत काय होतं ते त्या मुलीने मला दाखवलं तेव्हा माझे हात थरथरत होते. वेळेवर दाखवलं म्हणून बरं झालं, एवढंच सांगते.

चीनमध्ये अल्पवयीन मुलांच्या संरक्षणाचा जो सुधारित कायदा १ जून २०२१ पासून लागू झाला, त्यात मुलांची पत्रं, डायरी, नेटवरचे मेसेज दुसऱ्याने उघडून बघायचे नाहीत असं स्पष्ट आहे. आईवडलांना त्यातून सूट आहे ती अगदी लहान मुलांसाठी, म्हणजे ८ वर्षांखालच्या, किंवा मुलाचा जीव धोक्यात आहे अशा वेळेसाठी. कायद्याचं भय घालायला हे सांगत नाहीये. तिथल्या कायद्यानेही १४ वर्षांच्या पोराचं काहीतरी खाजगी असतं हे मान्य केलंय, मग घरात मान्य करायला काय हरकत आहे.

माफी कशी मागायची? छोटी. "मी तुझं क्यूक्यू वाचलं. चुकलं माझं. पुन्हा वाचणार नाही." इथेच थांबायचं. "पण मला काळजी वाटत होती" हे जोडू नका, 'पण' आला की माफी गेली. तो काहीच बोलणार नाही कदाचित, दार आपटेल, सुरुवातीला राग येईलच. आणि त्याने जे वाक्य लिहिलं होतं त्याबद्दल लगेच काही बोलू नका, ते त्याच्याकडून चोरून घेतलेलं वाक्य आहे, ते त्याने स्वतः दिलं तरच तुमचं. चारपाच दिवसांनी सहज, भांडी घासताना वगैरे, एवढंच म्हणा की मला कधी कधी इथे एकटं वाटतं, पण ते बघायला मी मोठी आहे, माझी मैत्रीण आहे, ते तुझं काम नाही. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवायचं असेल तर हे वाक्य फार उपयोगी पडेल.

फळांची ताटली टेबलावर ठेवायची. हवी तर तो बाहेर येऊन घेईल. दार वाजवायचं आणि 'ये' म्हणेपर्यंत थांबायचं, आणि नाही म्हणाला तर परत फिरायचं. हे तुम्ही पंधरा दिवस केलं तरी घरातली हवा बदलेल, मी अनेक घरांत बघितलंय.

आता सही. हे मात्र सोडायचं नाही, आणि यात पहिलं काम मुलाचं नाही, तुमचं आहे. नवऱ्याला सांगा. मुलाने बाबांपासून लपवलं आणि तुम्हीही बाबांपासूनच लपवलं, म्हणजे या घरात बाबांच्या रागापासून सगळेच लपतात हे मुलाला दिसतंय, मग त्याने काय शिकायचं? मुलगा घरात नसताना, जेवण झाल्यावर सांगा, आणि आधीच सांगा की मला तुमचा सल्ला हवाय, ओरडणं नकोय. त्यांना चिडायचं असेल तर तुमच्यासमोर चिडू दे, फेरी मारून येऊ दे, मुलासमोर जाईपर्यंत शांत होऊ दे. मग तिघांनी बसायचं. आजीआजोबा नकोत. मुलाला स्वतः बानझूरनकडे, म्हणजे वर्गशिक्षकांकडे, जाऊन सांगायचंय की सह्या माझ्या होत्या. बाबांनी सोबत जायचं, पण बोलायचं मुलाने. आणि शिक्षकांना आधी विनंती करा की हे पालकांच्या वीचॅट ग्रुपवर नको, वर्गासमोर नको. तिथे ग्रुपवर मार्क नि चुका टाकायची सवय असते बऱ्याच ठिकाणी, आणि एकदा का ६० पालकांसमोर पोराचं नाव निघालं की तो पुढची सही आणखी सफाईने मारेल. पुढच्या पेपरला मात्र नियम करा की मार्क कितीही पडोत, सही त्याच दिवशी मिळेल, आणि त्या दिवशी मार्कांवर एक शब्द नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. बाबांना हे जड जाईल. पण १२० पैकी ६१ घेऊन मुलगा घरी येऊ शकतो हे त्याला एकदा तरी अनुभवू दे.

गेमच्या अकाउंटचं मला कमी वाटतं. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे १८ खालच्यांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९, तेव्हापासून आजीआजोबांचे नंबर कितीतरी घरांत वापरले जातात. आजोबांनी ओळखपत्र दिलं की याने घेतलं ते शांतपणे विचारा, अकाउंट बंद करा, आणि त्याबदल्यात शनिवारची दुपार पूर्ण त्याची, बास्केटबॉल, मित्र, नुसतं लोळणं, काहीही. केस, कपडे, कोण मित्र, आधी कुठला अभ्यास, खोली कशी ठेवायची, हे त्याच्यावर सोडा. झोप, शाळा, रात्री कुठे आहे, खोटी सही, मारामारी, यात तुमचं चालणार. दोन्ही गोष्टी त्याला एकदाच बसून सांगा म्हणजे रोज रोज प्रत्येक मोज्यावरून लढाई नको. आणि मारामारीत आधी काय झालं होतं ते विचारलंत का कुणी? पत्रात कुठे दिसलं नाही मला. आई परदेशी म्हणून कुणी काही बोललं असेल का? मला माहीत नाही, पण विचारा.

कॅम्प. नाही, ताई, नाही. दिरांना नम्रपणे नाही सांगा आणि तो नंबर फाडून टाका. चीनमध्ये या शिस्तीच्या कॅम्पांचा इतिहास फार वाईट आहे. २००९ च्या जुलैमध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला आदेश काढून इंटरनेटचं व्यसन सोडवायला मुलांना विजेचे झटके देणं थांबवावं लागलं होतं, म्हणजे तोपर्यंत ते चालू होतं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्वांगशी प्रदेशात एका कॅम्पमध्ये १५ वर्षांचा मुलगा मारहाणीत गेला, आईवडलांनी पैसे भरून सोडून एक दिवसही झाला नव्हता. सगळे कॅम्प असे नसतील. पण ज्या मुलाची अडचणच ही आहे की घरी सांगण्यासारखं कुणी नाही, त्याला घरातूनच काढून पाठवायचं? जो मुलगा तिथून 'सरळ' होऊन येतो तो बरेचदा गप्प होऊन येतो, आणि गप्प मुलाला लोक तिंगह्वा म्हणतात.

नवऱ्याशी बोलताना एक गोष्ट उपयोगी पडेल बघा. तैवानमधले ये कुआंग-हुई या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'श्याओ'चे, म्हणजे आईवडलांविषयीच्या कर्तव्याचे, दोन भाग केलेत. एक, आईवडलांनी माझं केलं म्हणून मला मनापासून त्यांचं करावंसं वाटतं. दुसरा, ते मोठे आहेत म्हणून मी मान खाली घालायची, माझं मत गिळायचं. पहिला आणि दुसरा एकाच माणसात असू शकतात, पण पहिल्याने नातं जवळ येतं आणि दुसऱ्याने वरवरची शांतता. तुमच्या नवऱ्याला विचारा, तुम्ही आईसाठी जे करता ते यातलं कुठलं? ते एकुलते आहेत, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधीतरी विचारलेलाच असणार. आणि आईंना 'तो शब्द' मुलासमोर म्हणू नका हे तुमच्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं बरं. सासूबाईंना मात्र तुम्ही एक काम द्या, नातवाला त्यांच्या १६ व्या वर्षाचं सांगू दे. खेड्यातल्या पहिल्या थंडीत काय खायच्या, घरी पत्र कसं लिहायच्या. उपदेश नको, नुसतं सांगणं. आईला माणूस म्हणून बघणारा मुलगा आहे तो, आजीलाही बघेल.

एक गोष्ट गंभीरपणे. तो आठवडा दोन आठवडे शाळेलाच जाईना, झोप किंवा खाणं पार बिघडलं, हातावर जखमा दिसल्या, मी नसतो तर बरं झालं असतं असं काही बोलला, तर यातला कुठलाही सल्ला बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात घेऊन जायचं. तिथे १२३५६ हा मानसिक मदतीचा देशभरचा नंबर आहे, मुलांसाठी १२३५५ पण आहे. दोन्ही आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, नंतर शोधायला सुचत नाही.

आणि आता तुमचं स्वतःचं. तुम्ही लिहिलंत की तेच फिरून वाट्याला आलं. पण तुमच्याच पत्राच्या शेवटी आहे की आता तुमचे बाबा रोज संध्याकाळी फोनची वाट बघतात, त्यांचे पाच वाजले की तुमचे साडेसात, आणि एक दिवस चुकला तर विचारतात काय झालं म्हणून. तुम्ही तर आईवडलांपासून किती लांब गेलात, देश, भाषा, लग्न, सगळंच वेगळं, आणि तरी रोज फोन करता. तुम्हाला कुणी तिंगह्वा म्हटलं नसतं तेव्हा. दोन वर्षं बोलणं बंद होतं ते बाबांच्या बाजूने बंद होतं, तुमच्या बाजूने नव्हतं, हो ना? इथे तुम्ही बाबांच्या जागेवर आहात. तेवढं एक वेगळं करायला मिळतंय तुम्हाला.

मराठीचं. तुम्ही मराठीतच बोलत रहा, त्याने चिनीत उत्तर दिलं तरी. "मराठी विसरलास का रे" असं म्हणू नका, तेही त्याला ओझंच होतं, आणि मग भाषा म्हणजे आईला खूश ठेवायची गोष्ट होऊन बसते. तुमच्या बाबांचा फोन मात्र आतल्या खोलीत नका घेऊ, किचनमध्ये स्पीकरवर घ्या, दार उघडं असू दे. तो बोलायला आला नाही तरी चालेल. त्याला ऐकू जाऊ दे की त्याची आई कुणाशीतरी हसून बोलते.

शिक्षकांकडे जाऊन आलात की मला परत लिहा, मुलाचे बाबा सोबत गेले का तेही कळवा.